जुना स्लॅशर बघताना डोळा कुठे ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने १९७८ चा ‘हॅलोवीन’ हा स्लॅशर, म्हणजे खुनी एकेकाला मारत सुटतो अशा प्रकारचा भयपट, पाहिला, कारण सगळे त्याला डोक्यावर घेतात. त्याचं म्हणणं: “पहिला तासभर काही घडतच नाही, रक्त जवळपास नाहीच, मुली मूर्खासारख्या वागतात, भीती वाटली नाही. लोकांना यात दिसतं काय? आम्ही सहा जण मिळून याच धाटणीची दहा मिनिटांची फिल्म करतोय. या जुन्या सिनेमांतून काय उचलावं आणि काय टाळावं?”

हे दोन प्रश्न वाटतात, पण खरं तर एकच आहे. तुम्ही सिनेमा खून मोजत बघितलात. पुढे जे शेकडो स्लॅशर आले त्यांनी प्रेक्षकाला तीच सवय लावली, त्यामुळे दोष तुमचा नाही. ‘हॅलोवीन’ मात्र खुनांवर चालत नाही, फ्रेममधल्या रिकाम्या जागेवर चालतो. ती जागा वाचता आली की सिनेमा उघडतो, नाही आली की एक मुखवटेवाला माणूस झुडपांमागे उभा राहतो एवढंच उरतं. तुमच्या दहा मिनिटांनाही हेच लागू आहे.

आधी परिस्थितीचा भाग मिटवून टाकू. कशावर बघितलात? हा सिनेमा २.३५ ला १ अशा रुंद फ्रेममध्ये चित्रित झाला आहे आणि छायालेखक डीन कंडी यांनी ती रुंदी कडेपर्यंत वापरली आहे. मुलगी डावीकडे, मारेकरी उजव्या कडेला, मधे नुसता रस्ता. व्हिडिओ कॅसेटच्या काळात हीच फ्रेम चौकोनी टीव्हीसाठी कापली जायची आणि चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग बाहेर पडायचा. तशा कापलेल्या प्रती नेटवर अजून फिरतात. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसत नसतील आणि पडदा पूर्ण भरलेला असेल तर संशय घ्या. दुसरं म्हणजे काळा रंग. दिवसा खिडकीशेजारी मोबाईलवर बघितलं तर अंधारातली आकृती दिसतच नाही, काचेत तुमचाच चेहरा दिसतो. खोलीत अंधार करा, टीव्हीवर हालचाल ‘गुळगुळीत’ करणारं सेटिंग असतं ते बंद करा आणि हेडफोन लावा. एवढं करूनही कंटाळा आला तर तो खरा कंटाळा. तसं होऊ शकतं, काहींना हा प्रकार रुचतच नाही.

आता सिनेमा काय करतो ते बघा. सुरुवातीचा खून सोडला तर गावातल्या मुख्य पात्रांपैकी कोणी मरायला जवळजवळ पन्नास मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तो माणूस काय करतो? उभा राहतो. शाळेच्या खिडकीबाहेर गाडीपाशी, फुटपाथवर झुडपाच्या कडेला, मागच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये. नायिका लॉरी बघते, आपण बघतो, पुढच्या शॉटमध्ये जागा रिकामी. काहीच घडत नाही, पण प्रत्येक वेळी डोळ्याला थोडी शिकवण मिळते. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तुम्ही संवाद ऐकता ऐकता खिडक्या, दारं, फ्रेमच्या कडा तपासू लागता. मग दिग्दर्शकाला फारसं काही करावंच लागत नाही. नुसतं उघडं दार दाखवलं तरी काम होतं, कारण शोधण्याची मेहनत तुम्हीच करत असता. अख्ख्या सिनेमात माणसं मरतात पाच. आजच्या हिशेबाने फारच कमी.

एक शॉट जवळून बघू. शेवटाकडे लॉरीला मैत्रिणींची प्रेतं सापडतात. ती खोलीतून मागे सरकते आणि बाहेर भिंतीला टेकून रडते. तिच्या शेजारी एका दाराची चौकट आहे, आत मिट्ट काळोख. शॉट तुटत नाही. त्या काळोखात हळूहळू एक पांढुरका चेहरा उमटतो. तो माणूस चालत आत येत नाही, आधीपासून तिथेच आहे. फक्त त्याच्यावरचा छोटा दिवा डिमरने, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाने, सावकाश चढवला आहे. परिणामासाठी लागलेलं सामान एवढंच: एक दिवा, एक डिमर, एक दार. एडिट टेबलवर बसणाऱ्याला इथे हात शिवशिवतो, चेहऱ्याचा क्लोजअप टाकावा, एक दणका द्यावा. तसं केलं असतं तर शॉट मेला असता. कट म्हणजे ‘इकडे बघ’ असं प्रेक्षकाला सांगणं, आणि न सांगता दिसलेली गोष्ट जास्त घाबरवते.

मुखवट्याचंही तेच. दुकानात मिळणारा, ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, दोन डॉलरच्या आतबाहेर किमतीचा. टॉमी ली वॉलेसने तो पांढरा रंगवला, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस बदलले. मोठ्या भोकांमुळे डोळ्यांच्या जागी सावलीच पडते आणि चेहऱ्यावर भावच उरत नाही, त्यामुळे बघणारा स्वतःची भीती त्यावर चिकटवतो. हाच वॉलेस त्या सिनेमाच्या दोन एडिटरांपैकी एक. मुखवटा किती सेकंद दाखवायचा हे ठरवायला तो तयार करणाराच बसला होता, आणि त्याने तो फार दाखवला नाही.

पैशाची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. सुमारे ३ लाख डॉलर आणि जेमतेम २० दिवसांचं शूटिंग. कथा इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, म्हणजे पानगळीतली, चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडिनामध्ये वसंतात. म्हणून पानं रंगवून रस्त्यावर टाकली आणि शॉट झाला की पोत्यात भरून पुढच्या शॉटला नेली. नीट बघितलंत तर मागची झाडं हिरवीगार दिसतात. मग पैसा घातला कुठे? रुंद फ्रेमच्या चांगल्या लेन्सवर आणि पॅनाग्लाइडवर, म्हणजे अंगावर बांधून न हिंदकळता चालता येईल अशा कॅमेऱ्याच्या साजावर. सुरुवातीचा चारेक मिनिटांचा शॉट त्यावरच आहे: घराला वळसा, स्वयंपाकघर, सुरी, जिना, खून, आणि शेवटी मुखवटा निघतो तेव्हा सहा वर्षांचं पोर. त्यात लपवलेला कट आहे, पण पहिल्यांदा बघताना तो कळत नाही.

आवाजाबद्दल थोडं. ‘हॅलोवीन’चे दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी संगीताशिवायची प्रत एका स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवली तेव्हा त्यांना अजिबात भीती वाटली नव्हती, हे कार्पेंटर यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मग त्यांनीच काही दिवसांत संगीत केलं. मुख्य धून पाच मात्रांच्या चालीत आहे, वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेली. कानाला चाराची सवय असते, पाचवी मात्रा आली की पाऊल चुकल्यासारखं होतं आणि धून कुठेच विसावत नाही. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) मध्ये संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनी यांनी वेगळा नियम लावला. मारेकरी शेवटापर्यंत दिसतच नाही, म्हणून तो खरोखर जवळ असेल तेव्हाच संगीत. मित्राने गंमत म्हणून दचकवलं तर तिथे संगीत नाही. प्रेक्षकाला हा नियम कोणी सांगत नाही, पण कान तो शिकतो. शेवटी तळ्यावर होडी शांत तरंगते, गोड सूर वाजतात, कानाला वाटतं संपलं, आणि तेव्हाच पाण्यातून कोणीतरी झेपावतं. नियम आधी प्रामाणिकपणे पाळला म्हणून तो मोडताना फळ मिळालं.

काही सिनेमांची भीती त्या काळच्या वस्तूंत अडकलेली आहे, तिथे थोडी माहिती असली तर फरक पडतो. ‘ब्लॅक ख्रिसमस’ हा १९७४ चा कॅनडातला सिनेमा. मुलींच्या वसतिगृहात घाणेरडे फोन येतात आणि पोलीस फोन कुठून येतोय ते शोधायला बघतात. तेव्हाचं एक्स्चेंज यांत्रिक होतं. तंत्रज्ञाला रॅकच्या रांगांमधून अक्षरशः धावत, कोणता स्विच अडकलाय ते बघत लाइन मागे शोधावी लागते, आणि तेवढा वेळ मुलीने फोन ठेवायचा नाही. म्हणजे वाचायचं असेल तर तिने त्या माणसाचं बोलणं ऐकत राहायचं. लँडलाइनच न वापरलेल्या प्रेक्षकाला हा प्रसंग लांबलेला वाटतो, ज्यांनी ट्रंक कॉल लावलेत त्यांना पटकन उमगतो. या सिनेमात मारेकरी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. दारामागच्या फटीतून दिसतो तो एक डोळा. पुढच्या काळात एवढी हिंमत फार कमी जणांनी दाखवली.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते स्लॅशरची दुखणी त्याच्या गुणांतूनच आली. दोन-चार पोरं, एक घर, एक सुरी एवढ्यात सिनेमा होतो हे ‘हॅलोवीन’ने सिद्ध केलं आणि अमेरिकेत ४ कोटी ७० लाख डॉलरच्या घरात धंदा केला. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ सुमारे साडेपाच लाख डॉलरमध्ये झाला आणि जवळपास ४ कोटी कमावून गेला. त्याचं वितरण करणारा पॅरामाउंटसारखा मोठा स्टुडिओ होता. बाजाराने त्यातून सोपा धडा घेतला: लोक मरणं बघायला येतात. रिकामी फ्रेम जाहिरातीत दाखवता येत नाही, घशातून निघालेला बाण दाखवता येतो.

‘फ्रायडे’मधला तो बाण म्हणजे कारागिरीचा नमुना आहे, हे कबूल केलं पाहिजे. इफेक्ट करणारे टॉम साव्हिनी यांनी पलंगाला भोक पाडलं. नट केविन बेकन खाली गुडघ्यांवर, फक्त डोकं गादीतून वर. मान आणि छाती नकली. खालून एक जण बाण वर ढकलतो, दुसरा पंपाने रक्त सोडतो. ऐन टेकमध्ये पंपाची नळी निसटली, तेव्हा मदतनिसाने नळी तोंडात धरून फुंकली आणि रक्त बुडबुडत बाहेर आलं. नीट चाललेल्या पंपापेक्षा ते जास्त खरं दिसतं. ‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) मध्ये पलंगातून छताकडे रक्ताचा फवारा उडतो, तिथे पूर्ण खोलीच फिरती बांधली होती. खोली उलटी केली, कॅमेरा तिलाच जखडला, आणि वरून शेकडो गॅलन रंगीत पाणी ओतलं. पडदा सुलटा असल्यामुळे पाणी वर चढताना दिसतं. हे बघायला मजा येते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गडबड अशी की पुढच्या सिनेमांत ही करामत हेच कारण झालं आणि भोवतीची पंचाहत्तर मिनिटं भरावाची झाली. इफेक्टला एक पूर्ण रात्र जाते, मग उरलेल्या रात्रींत स्वस्तात काय मिळतं? टॉर्च घेऊन “कोण आहे?” म्हणत चालणं. तुम्हाला जो कंटाळा येतो त्यातला बराचसा हा भराव आहे. ‘फ्रायडे’चे १९८० ते १९८९ मध्ये आठ भाग निघाले. आठव्याच्या नावात मॅनहॅटन आहे, पण बहुतेक काम व्हँकूव्हरमध्ये उरकलं आणि कथेचा मोठा भाग जहाजावरच जातो. आणि लोकांच्या डोळ्यांसमोर जो मारेकरी जेसनचा हॉकीचा मुखवटा येतो तो १९८२ च्या तिसऱ्या भागात पहिल्यांदा दिसतो. पहिल्या भागात मारेकरी जेसन नाहीच, त्याची आई आहे.

तो उलगडाही फसवा आहे. तासभर ‘कोण असेल?’ असं खेळवायचं आणि शेवटी जी बाई पुढे येते तिला प्रेक्षकाने आधी एकदाही बघितलेलं नाही. बेट्सी पामर यांनी काम झकास केलंय म्हणून ते खपून जातं. रहस्यकथेच्या हिशेबाने तो डाव खोटा. त्याच सिनेमात एक खराखुरा साप मारलेला आहे, आणि त्याला कारागिरी म्हणता येत नाही.

एक दोष मात्र या लोकांच्या माथी मारू नये. १९८१ नंतरच्या पुष्कळ स्लॅशरमध्ये खुनाच्या जागी कट चुकल्यासारखा वाटतो. सुरी वर जाते आणि एकदम दुसरंच काहीतरी. अमेरिकेतल्या प्रमाणपत्र मंडळाने एक्स, म्हणजे फक्त प्रौढांसाठी असा शिक्का, दिला की जाहिरात आणि थिएटर दोन्ही हातचं जायचं, म्हणून त्याखालचा आर मिळेपर्यंत फुटेज काढत राहायचं. नोव्हा स्कोशियातल्या खऱ्या खाणीत चित्रित झालेला ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ (१९८१) असाच सोलून निघाला. काढलेला भाग परत जोडलेली प्रत २००९ मध्ये आली. दोन्ही प्रती लागोपाठ बघा. धक्क्यासाठी आधीची शांतता, वार आणि नंतरचा श्वास अशी तीन पावलं लागतात. मधलं पाऊल काढलं की उरलेली दोन एकमेकांवर आदळतात. एडिटच्या विद्यार्थ्याला याहून चांगला पाठ नाही.

मुलींबद्दलची तुमची तक्रार जुनी आणि बरोबर आहे. १९८० मध्येच अमेरिकन समीक्षक जीन सिस्केल आणि रॉजर एबर्ट यांनी टीव्हीवर एक पूर्ण भाग याच विषयावर केला होता: कॅमेरा मारेकऱ्याच्या डोळ्यांनी बाईकडे बघतो आणि प्रेक्षकाला त्याच्या बाजूला बसवतो. गंमत म्हणजे ‘हॅलोवीन’ला एबर्ट यांनीच पूर्ण चार तारे दिले होते, म्हणजे त्यांचा आक्षेप प्रकारावर नव्हता, वापरावर होता. दुसरी बाजू अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात मांडली. शेवटी जिवंत राहते ती मुलगी, जिला त्यांनी ‘फायनल गर्ल’ म्हटलं, आणि थिएटरात बसलेली तरुण पोरं शेवटची वीस मिनिटं तिच्याच भीतीने श्वास घेत असतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ‘शरीरसंबंध ठेवला की मरण’ हा नियम कार्पेंटर यांनी नाकारला आहे. त्यांच्या मते बाकीच्या मुली स्वतःत गुंग होत्या, एकटी पडलेली लॉरी आजूबाजूला बघत होती. सिनेमा पुन्हा बघितला तर हे पटतं, पण नकलाकारांनी उचलला तो नियमच. १९८२ चा ‘स्लंबर पार्टी मॅसॅकर’ रीटा मे ब्राउन यांनी लिहिला आणि एमी होल्डन जोन्स यांनी दिग्दर्शित केला, दोघी बायका. मारेकऱ्याच्या हातातलं लांबलचक ड्रिल बघून त्यांना काय म्हणायचंय ते कळतं. तरी वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला म्हणजे खुनी, आणि चेहरा विद्रूप म्हणजे मन विद्रूप, ही खोड या प्रकाराच्या हाडात आहे. तिचं समर्थन होत नाही. तुमच्या पटकथेत ती असेल तर काढा.

आपल्याकडे हा प्रकार सुट्या स्वरूपात फारसा रुजला नाही. रामसे बंधूंची कमी खर्चाची पद्धत या लोकांच्या जवळची, पण त्यांची भीती शाप, हवेली आणि सैतानाची. पुढे त्यांनी ‘महाकाल’मध्ये एल्म स्ट्रीटचा पात्यांचा हातमोजा सरळ उचलला, तरी सोबत तांत्रिक आलाच. तुम्हाला इथे मोकळं मैदान आहे.

आता तुमची फिल्म. दहा मिनिटांत एक जागा, एक मारेकरी, जास्तीत जास्त दोन बळी. पहिल्या दीड मिनिटात तो फ्रेमच्या कोपऱ्यात एकदा दिसू द्या, पात्राला न दिसता. मग दोनदा जागा रिकामी दाखवा. पहिला हल्ला सहाव्या मिनिटाच्या आधी नको. पीओव्ही शॉट, म्हणजे मारेकऱ्याच्या डोळ्यांनी दिसणारा, एकच ठेवा, फार तर दोन. प्रत्येक हलता शॉट मारेकऱ्याचा केला की त्याला अर्थ उरत नाही, नुसता हात थरथरतोय असं वाटतं.

मोबाईलवर शूट करणार असाल तर ऑटो सगळं बंद. उघड्या दाराचा अंधार फ्रेममध्ये आला की ऑटो एक्सपोजर चित्र उजळतं आणि लपलेला माणूस आधीच उघडा पडतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, चढला की काळ्यात मुंग्या आल्यासारखे ठिपके हलतात आणि मग काळोख काळोख राहत नाही. म्हणून प्रकाश वाढवा, आयएसओ खाली ठेवा, शटर १/५० सेकंद आणि सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरातल्या दिव्यांची लुकलुक बहुतेक वेळा जाते. रात्रीच्या निळेपणासाठी कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० ला, खिडकीबाहेर ५६०० केल्विनचा एलईडी, खोलीत साधा पिवळा बल्ब. बाहेर निळं, आत उबदार, आणि मधला दाराचा चौकोन काळा सोडा.

दाराचा तो शॉट तुम्हालाही जमेल. नट चौकटीपासून तीनेक फूट आत, मागे काळी चादर, भिंत दिसता कामा नये. स्वस्त एलईडी डिमरवर शून्यातून उठत नाही, एकदम दहा टक्क्यांवर उडी मारतो आणि सगळी मजा जाते. फिलामेंटचा बल्ब मऊ चढतो, पण कमी उजेडात नारिंगी होतो. सोपा उपाय: एलईडी कायम चालू, त्यापुढे जाड पुठ्ठा, आणि तो पाच-सहा सेकंदांत हाताने सरकवायचा. उजेड मुखवट्यावरच पडेल असा काळ्या कागदाचा नळा दिव्याला लावा. किमान आठ टेक घ्या, कारण पुठ्ठा धरणाऱ्याचा हात पहिल्या तीनात घाई करतोच.

सुरी खरी नको. लाकडी पट्टी घासून, चंदेरी रंग देऊन पाच फुटांवरून पुरते. खरी सुरी हवीच असेल तर ती एकटीच्या क्लोजअपमध्ये, फ्रेममध्ये माणूस नसताना, आणि शॉट झाला की पेटीत बंद. पातं शरीराला लागताना दाखवायचं कारण नाही. ‘सायको’च्या (१९६०) न्हाणीघरातल्या प्रसंगाला चित्रीकरणाचा एक आठवडा लागला आणि त्यातला प्रत्यक्ष खून पडद्यावर मिनिटभराचाही नाही. हात, पडदा, तोंड, पाणी यांचे तुकडे आणि खरबुजाच्या जातीच्या फळात सुरी खुपसल्याचा आवाज, त्यावर मन स्वतःच जखम करतं. तुम्हाला कोबीचा गड्डा आणि लाल भोपळा चालेल. कोबी कोरडा वाजतो, भोपळा ओला, दोन्ही एकावर एक ठेवा. खोलीतल्या नुसत्या शांततेचा एक मिनिट वेगळा रेकॉर्ड करा, नाहीतर प्रत्येक कटला शांतता बदलते आणि जोड ऐकू येतात. दणक्याआधी तीन-चार सेकंद संगीत पूर्ण काढा. दणका चित्राच्या कटबरोबर किंवा एक फ्रेम आधी. दोन फ्रेम उशीर झाला तरी तो विनोदी वाटतो.

रक्तासाठी बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. अर्धा किलोत शंभर मिली कोमट पाणी, मग खाण्याचा लाल रंग थोडा थोडा. नुसत्या लालने ते गुलाबी सरबत दिसतं, एलईडीखाली तर जास्तच. म्हणून पिवळ्याचे काही थेंब आणि दोन चहाचे चमचे कोको. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. कोकोमुळे रक्त पारदर्शक राहत नाही. कपड्यावर ते थेंबांसारखं वर बसून राहत असेल तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, पण तोंडातून यायचं असलेलं रक्त वेगळ्या बाटलीत, साबणाशिवाय. ज्या दिव्यात शूट आहे त्याच दिव्यात, त्याच शर्टाच्या कापडावर आदल्या दिवशी तपासा. शर्ट तीन घ्या, कारण दुसरा टेक लागतोच.

जिथे शूट आहे तिथली परवानगी लेखी घ्या, सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वॉचमनला तारीख-वेळ सांगा, आणि रात्रीच्या किंकाळ्या असतील तर जवळच्या पोलीस चौकीतही कळवून ठेवा. किंकाळ्या खरं तर शूटवर घेऊच नका, नंतर बंद खोलीत रेकॉर्ड करा. आवाजही चांगला येतो आणि शेजारीही झोपतात. शूट संपल्यावर फरशी लगेच गरम पाण्याने पुसा. ग्लुकोज वाळलं की खरवडून काढावं लागतं, आणि सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली असते.